बद्द

आय दगडाला आधी विचारायची, मग फोडायची.
हातोडीचं टोक हलकेच एकदा,
आणि मान तिरपी.
खण्ण वाजला तर सलग.
बद्द वाजला तर आत चीर,
बाहेरून दिसो न दिसो.
पाटीपेन्सिलीच्या आधी मला हे आलं.
पुढं विद्यापीठात कंपनांचा तास सुरू असताना
मागच्या बाकावर मी एकटीच हसले.
सरांना वाटलं, कळत नाही म्हणून.

आता हिंगोलीकडच्या माळावर
पत्र्याच्या खोलीत माझी रात्रपाळी असते.
पाळीच्या तक्त्यात माझ्या नावापुढं
‘सोबत कोण?’ असा रकाना आहे.
बाकी चौघांपुढं नाही.
मी लिहिते : सायव्वा धोत्रे, आई.
ती येते, डबा घेऊन, गुडघे धरत.

खाली कातळावर यंत्र.
केसाच्या लाखाव्या हिश्श्याइतकी जमीन हलली तरी टिपतं.
कुणाच्या बोअरची मोटर लागली, टिपतं.
पूर्णेकडं निघालेली मालगाडी, टिपतं.
नांदेड रोडचे ट्रक, वारा, रानडुकरं,
माझं खुर्चीतून उठणं.
हे सगळं ओळखून वजा करायचं.
मग कधीकाळी इथं कान लावला
तर अब्ज वर्षांमागं एकमेकांत कोसळलेल्या
दोन काळ्या ताऱ्यांची थरथर ऐकू येईल.

"फुटले का मग ते?" आयनं विचारलं.
नाही ग, एक झाले.
"एवढं आदळून?"
ती बराच वेळ काही बोलली नाही.
त्र्याण्णव साली लातूरकडच्या ज्या गावांत
भिंती माणसांवर बसल्या,
त्यातल्या एका गावाचे दगड
तिच्या बापानं घडवले होते.
सलग दगड, एकही बद्द नाही.
चुना मात्र दुसऱ्या कुणाचा, माती तिसऱ्याची.
हे ती कुणी न विचारता सांगते,
दरवेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

घरी आमची वडारी,
शाळेत मराठी, पेपरात इंग्रजी.
थरथरीला तिन्हीत वेगळा शब्द आहे
आणि तिन्ही मला पुरत नाहीत.

तीन आठवडे आलेखात एक कुबड येत होतं.
ट्रकचं नाही, वाऱ्याचं नाही.
वायकोस सर म्हणाले, तुझ्या कोडमध्ये बघ.
मी बघितलं. परत बघितलं.
दुसऱ्या पाळीचा पोरगा म्हणाला, माझ्या कोडमध्ये पण येतंय सर,
तेव्हा सर म्हणाले, अच्छा.

त्या रात्री आय पाणी प्यायला उठली,
टेबलावरचा पाना उचलला,
यंत्राखालच्या काँक्रीटच्या ओट्यावर टेकवला,
एकदा.
"काय करायलीस ग आय!"
बद्द.
थोडं सरकून पुन्हा. बद्द.
"हा ओटा खालच्या दगडाला धरून नाही."

उकरलं तर दोन बोटं मुरूम निघाला,
न झाडता वर ओतलेलं काँक्रीट.
ठेकेदार म्हणाला, एवढ्यानं काय होतंय.

पेपरात आभार मानायचे असतात शेवटी.
मी तिचं नाव वर घातलं, लेखकांत, तिसरं.
फॉर्म विचारतो : संस्था?
तो रकाना रिकामा ठेवला की पान पुढं जात नाही.
अर्धा तास बसून मी टाकलं : दगडखाण, औसा रस्ता.
पान पुढं गेलं.

परवा परीक्षकांचं पत्र आलं.
मला नेहमी येतं तसंच, श्री. टी. एस. धोत्रे यांस.
काम चांगलं आहे, पण ओट्याची तपासणी
कोणत्या पद्धतीनं केली ते स्पष्ट करावं.
मी लिहिलं : पाना मारला, मान तिरपी केली, ऐकलं.
उलट टपाली उत्तर :
पद्धत रोचक आहे. संदर्भ द्यावा.

संदर्भ पलीकडच्या खाटेवर
कूस बदलत होता.
आलेखात तेवढीच
एक बारीक रेघ उमटली.